पाण्याआधीचा सांगावा

तुमच्या पायाखाली जुन्या केत्तूरची पांढरी आहे. साल १९७० च्या दशकाच्या शेवटाकडचं, महिना वैशाखाचा. करमाळ्याचं ऊन सावलीतही डोळे मिटायला लावतंय. समोरच्या घराचं माळवद उकरून झालंय. धुरानं काळ्या पडलेल्या तुळया अंगणात ओळीनं पडल्यात, आणि दोघं जण दाराची चौकट भिंतीतून सोडवतायत. बैलगाडीत कणग्या, हंडे, पाटा-वरवंटा रचलाय. जातं उचलणाऱ्या नातवाला म्हातारी बजावते, "वरची तळी जपून रं. चिरली तर तिकडं टाकी लावायला कोण येणारंय?"

तुम्ही वेशीकडे चालत जाता. देवळाचा गाभारा रिकामा आहे, देव आधीच हललेत. चावडीच्या भिंतीवर नोटीस डकवलेली आहे आणि खळ वाळून तिचे कोपरे सुटलेत. सर्वे नंबर, आकार, मोबदला. गावात अनेकांना ती वाचता येत नाही. ज्यांना येते त्यांनाही ती पुरती पटलेली नाही. पारावरचे आप्पा तुम्हाला जागा करून देतात. "बसा पाव्हणं. सायेब म्हणत्यात, हितवर पाणी येणार. भीमामाय एवढी वर कधी चढलीय का? माझ्या आज्यानं बी बघितलं न्हाई."

आप्पांचं म्हणणं खोटं नाही. नदीचा आजवरचा स्वभाव त्यांना पाठ आहे. पण हे पाणी नदीच्या स्वभावाप्रमाणे येणार नाही.

थोडं पुढे सरका, पावसाळ्यात या. पूर वरून येतो, गढूळ, झाडं उपटत, आवाज करत. हे पाणी खालच्या अंगानं, प्रवाहाच्या उलट, गुपचूप चढतं. ओढ्याच्या तोंडातून आत शिरतं, बांधाशी टेकतं, रात्रीतून विहिरीत उतरतं. सकाळी पाहावं तर काल पायवाट होती तिथं पाण्याचा फुगवटा आणि त्यात उलटं दिसणारं बाभळीचं झाड. खाली माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेला भिंत घातली गेली आणि १९८० पर्यंत धरण पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. करमाळ्याच्या बाजूनं केत्तूर, पोमलवाडी, चिखलठाण, कुगाव, वांगी अशी गावं उठली. पलीकडे इंदापूरच्या अंगाला पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ बुडालं. मुंबई-सोलापूर रेल्वेचे रूळसुद्धा हलवावे लागले. डिकसळचा इंग्रजांच्या काळातला रेल्वेपूल मागे राहिला आणि रस्त्याच्या वाहतुकीला लागला. उठलेली माणसं माळावर बसली आणि काही गावांच्या नावापुढे आकडे आले: केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन. वांगीचंही तसंच.

या गावांना पाण्याची बातमी आधी मिळाली होती. बुडण्याआधी कित्येक वर्षं मोजणीवाले आले होते, खुणेचे दगड रोवले होते, दवंडी झाली होती. जगभरच्या पूरकथा वाचताना मला पाण्यापेक्षा या सांगाव्याचंच कुतूहल जास्त वाटतं. किती हात पाणी चढलं आणि कुठला डोंगर उघडा राहिला, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. बुडणार हे कुणाला सांगितलं, कसं सांगितलं, आणि कुणापासून लपवलं, हा प्रश्न बरोबर घ्या आणि आणखी मागे चला.

लंडन, १८७२. ब्रिटिश म्युझियममधल्या एका खोलीत जॉर्ज स्मिथ नावाचा तिशीतला माणूस मातीच्या फुटक्या विटेवर वाकलाय. तरुणपणी तो नोटा छापण्यासाठी लागणारं नक्षीकाम कोरायचा. तीच बारीक नजर आता बाणाच्या टोकासारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर खिळलीय. ही वीट निनवेहून, असिरियाचा राजा अशुरबनिपाल याच्या ग्रंथसंग्रहातून आलेली. तुम्ही त्याच्या खांद्यावरून पाहता. तो एका ओळीशी थांबतो: नाव डोंगराला टेकली. पुढची ओळ: कबुतर सोडलं, टेकायला जागा मिळेना, ते परत आलं. लहानपणापासून बायबलमध्ये वाचलेली नोहाची गोष्ट त्याच्या हातातल्या विटेवर दुसऱ्याच देवांच्या नावानं लिहिलेली होती. ३ डिसेंबर १८७२ ला त्यानं हे लंडनच्या विद्वानांच्या सभेत वाचलं तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. मग एका वर्तमानपत्रानं पैसे देऊन त्याला निनवेला धाडलं आणि पूरकथेचा आणखी एक तुकडा त्यानं मातीतून शोधून काढला. १८७६ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, अशाच एका मोहिमेवरून परतताना तो अलेप्पोजवळ वारला. आज आपण गिल्गमेशच्या महाकाव्यातला पूर वाचू शकतो तो या माणसामुळे.

आता त्या विटेच्या आत शिरा. शुरुप्पाक नगर, युफ्रेटीसच्या काठी. तुम्ही बोरूच्या कुडाला पाठ लावून अंधारात बसलाय. देवांच्या सभेत शपथ झालीय की माणसाला कळू द्यायचं नाही. एआ या देवानंही ती घेतलीय. त्यामुळे तो माणसाशी बोलत नाही, कुडाशी बोलतो. कुडाच्या आत उत्नपिश्तिम नावाचा माणूस जागा आहे. घर मोड, नाव बांध, मालमत्ता सोड, जीव धर, सगळ्या प्राण्यांचं बीज नावेत घे. जुन्या केत्तूरच्या अंगणात पडलेल्या तुळया डोळ्यांसमोर असतील तर त्यातलं "घर मोड" जरा जास्त जड जातं.

उत्नपिश्तिम विचारतो, गावानं विचारलं तर काय सांगू? आणि इथं ही कथा मला अस्वस्थ करते. एआ त्याला खोटं सांगायला शिकवतो. म्हणावं, एन्लिल देव माझ्यावर रागावलाय म्हणून मी गाव सोडतोय. तुमच्यावर मात्र समृद्धीचा पाऊस पडेल. गावाला ते खरं वाटतं. सुतार कुऱ्हाडी घेऊन येतात, लेकरं डांबर वाहतात. रोज बैल आणि मेंढ्या कापल्या जातात, सणासुदीसारखं मद्य वाहतं. तुम्ही त्या गर्दीत उभे आहात, सगळ्यांचे चेहरे घामानं आणि आनंदानं चमकतायत, आणि तुम्हाला ठाऊक आहे की यांतले मोजके नावेत जातील. शेवटी नावेचं दार बाहेरून लिंपून बंद करणाऱ्या कारागिराला उत्नपिश्तिम आपला वाडा बक्षीस देतो, आतल्या सगळ्या चीजवस्तूंसह. दुसऱ्या दिवशी पहाटे क्षितिजावरून काळा ढग चढतो.

सहा दिवस, सात रात्री. देवसुद्धा घाबरून आकाशात वर पळतात. इश्तार देवी टाहो फोडते: ही माझीच लेकरं, आणि ती माशांच्या पोरांसारखी समुद्र भरून टाकतायत. पाणी ओसरल्यावर एआ एन्लिलला खडसावतो, ज्याचा गुन्हा त्याला शिक्षा कर; सरसकट पूर कशाला आणलास? सगळ्यांना एकाच पाण्यात बुडवणं अन्याय आहे, असं हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी देवाच्या तोंडी घातलं. अख्ख्या महाकाव्यात मला ही जागा सर्वांत मोठी वाटते.

हीच गोष्ट हिब्रू लोकांकडे आली तेव्हा देव एकच उरला आणि पुराला कारण मिळालं, माणसाची दुष्टाई. तारवाचं माप ठरलं: ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. पाऊस ४० दिवस. पण उत्पत्तीचं पुस्तक नीट वाचा. पूर येण्याआधी नोहा एक शब्दही बोलल्याची नोंद तिथं नाही. त्याला सांगितलं, त्यानं ऐकलं, त्यानं बांधलं. शेजाऱ्यांना तो काय म्हणाला, ते पुस्तक सांगत नाही. कुराणातला नूह याच्या अगदी उलट आहे. तो नुसतं सांगतच राहतो, साडेनऊशे वर्षं आपल्या लोकांत राहून. रात्री सांगतो, दिवसा सांगतो. लोक कानांत बोटं घालतात. कोरड्या जमिनीवर नाव बांधताना पाहून येणारे-जाणारे हसतात. आणि पाणी चढल्यावर तो आपल्या मुलाला हाक मारतो, ये बाळा, आमच्याबरोबर चढ. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर जाईन, डोंगर मला वाचवेल. मधे लाट येते. मुलाचा विश्वास ओळखीच्या डोंगरावर होता, पारावरच्या आप्पांचा ओळखीच्या नदीवर. त्याला नुसता उद्धट ठरवून पुढे जाणं मला जमत नाही.

(नोहा-नूह आपल्याकडे परके राहिलेले नाहीत. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, आणि जुन्या करारातल्या कथा मराठी ओवीत आल्या. एकाच तालुक्यात कीर्तनात मत्स्यावतार, मशिदीत नूह आणि प्रार्थनामंदिरात नोहा ऐकू येतो, हे महाराष्ट्रात कित्येक पिढ्या चालत आलंय.)

पुढची उडी पूर्वेकडे. सकाळची वेळ, मनू हात धुतोय. ओंजळीच्या पाण्यात बोटाएवढा मासा आहे. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. कशापासून सांभाळशील, असं मनू विचारतो. मासा म्हणतो, पूर येणार आहे, सगळी प्रजा वाहून जाईल. आणि मग तो आपली अडचण सांगतो: आम्ही लहान असतो तोवर आमचा नाश फार, मासाच माशाला गिळतो. मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात नेऊन सोडतो. मोठा झालेला मासा पूर कोणत्या वर्षी येणार तेही सांगतो. त्याच्या शिंगाला दोर बांधून नाव उत्तरेच्या डोंगराला लागते, आणि मासा शेवटची सूचना देतो: पाणी जसं उतरेल तसतसा खाली ये, घाई करू नकोस.

शतपथ ब्राह्मणातली ही कथा यज्ञ करणाऱ्या लोकांमध्ये आकाराला आली. तिच्यात कुणाचं पाप नाही, कुणाचा कोप नाही. पूर का आला याचं कारणच दिलेलं नाही. सांगावा मिळतो तो एका दुबळ्या जीवाला आसरा दिल्याबद्दल. पण तो एकट्या मनूला मिळतो, आणि त्यानं तो दुसऱ्या कुणाला सांगितल्याचं ब्राह्मणात नाही. पाणी ओसरल्यावर तो इतका एकटा आहे की तूप, दही, ताक पाण्यात अर्पून वर्षभरानं त्यातून इडा निर्माण होते तेव्हा कुठे प्रजा पुन्हा सुरू होते. पुढच्या सांगणाऱ्यांना हा एकटेपणा सोसला नसावा. महाभारताच्या वनपर्वात नावेत सप्तर्षी बसले, सगळी बीजं आली, आणि मासा स्वतः ब्रह्मदेव निघाला. भागवतात कथा दक्षिणेला कृतमाला नदीवर आली, मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत आला, आणि मासा विष्णू झाला.

मध्य भारतातल्या भिल्लांची कथा याहून थोडक्यात आहे, आणि मला ती फार आवडते. नदीवर कपडे धुणारा एक परीट रोज माशांना खाऊ घालायचा. त्याची जाण ठेवून माशानं त्याला सांगितलं, पूर येतोय, मोठी पेटी करून ठेव. परीट पेटीत बसला, बरोबर बहीण आणि एक कोंबडा. सगळं बुडाल्यावर रामाचा दूत पाहणी करत फिरत होता, त्याला पाण्यावरून कोंबड्याचं आरवणं ऐकू आलं आणि पेटी सापडली. बातमी इथं राजवाड्यात किंवा ऋषीच्या आश्रमात जात नाही, नदीकाठी रोज राबणाऱ्याकडे जाते. पाण्याजवळ राहणाऱ्याला पाण्याची बातमी आधी कळते, हे भिल्लांना अनुभवानं माहीत होतं.

आता तुम्ही विचाराल, मग खरंच असा एक महापूर आला होता का? सगळी पृथ्वी बुडवणाऱ्या पुराचा पुरावा भूस्तरांत नाही. १९२९ मध्ये लेनर्ड वूली यांना इराकात उर इथं खणताना स्वच्छ गाळाचा जाड थर लागला आणि नोहाचा पूर सापडल्याची बातमी जगभर गेली. पण आसपासच्या नगरांतले असे थर एकाच काळातले निघाले नाहीत. कुठे नुसता कोरडा इतिहास, कुठे वेगळ्याच शतकातला पूर. नद्या होत्या आणि त्या आपापल्या वेळी चढत होत्या. बाबिलोनची कथा हिब्रूंकडे आणि तिथून पुढे गेली हे उघड दिसतं, तपशील जुळतात. मनूची कथा तिकडून आली की इथंच रुजली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. अरारत डोंगरावर नोहाच्या तारवाची लाकडं शोधणारे आणि मनूच्या पुराची तारीख मांडणारे मला सारखेच वाट चुकलेले वाटतात. या कथांमध्ये पाण्याचं माप घेण्यासारखं थोडं आहे. माणसं एकमेकांशी कशी वागली, ते मात्र भरपूर आहे.

करमाळ्याकडे परतताना वाटेत इनामगाव लागतं. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. हेच पाणी पुढे भीमेला मिळतं आणि आज उजनीत येतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावातून तुम्ही चालताय. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, जवाचं पीक. गावकऱ्यांनी नदीचं चढणारं पाणी अडवायला दगडमातीचा बांध घातलाय आणि ते वळवायला पाट खणलाय. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी ही वस्ती उलगडली. इथं पूरकथा लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, लिपीच नव्हती. पण एका मोठ्या माणसाला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलं होतं, आणि त्याच्यासोबत ठेवलेल्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली होती. मेल्यावरही पाणी पार करायचं असतं, अशी काही समजूत त्या लोकांत असावी. मला मात्र तो बांध जास्त बोलका वाटतो. तो घालायला सगळं गाव लागलं असणार. पाणी येणार ही बातमी इनामगावात कुणा एकाच्या कानात सांगितलेली नव्हती.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये या. करमाळा तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला सीना. उन्हाळ्यात जिच्या पात्रातून गुरं चालत जातात ती नदी त्या वर्षी करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांत शिवारंच्या शिवारं घेऊन गेली. ऊस आडवा, सोयाबीन काळं, गोठ्यांत गाळ. तुम्ही काठावरच्या वस्तीवर उभे आहात आणि हातातल्या मोबाईलवर संदेश येतोय: अमुक धरणातून अमुक हजार क्युसेकनं विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. शेजारची वहिनी विचारते, "दादा, म्हंजी पाणी आपल्या गोठ्याला कवा लागंल?" संदेशात त्याचं उत्तर नाही. माशानं मनूला वर्ष सांगितलं होतं, नाव बांध म्हणून सांगितलं होतं, उतरताना कसं उतरायचं तेही सांगितलं होतं. आकडा सांगणं म्हणजे सांगावा पोचवणं नव्हे. ऐकणाऱ्याला गुरं कधी सोडायची ते कळलं पाहिजे.

उजनीचा सांगावा सगळ्यांना सारखा पोचला का, हेही विचारायला हवं. भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावानं निघते. ज्याच्या नावावर गुंठाभरही रान नव्हतं त्या मजुराला, दुसऱ्याच्या जागेत झोपडी असलेल्याला, बलुत्यावर जगणाऱ्याला, नदीत जाळं टाकणाऱ्याला गाव उठणार हे कुणी, केव्हा आणि काय शब्दांत सांगितलं? त्या काळी कुळाच्या विधवेला कागदावर अंगठा कशासाठी द्यायचा हे समजावलं गेलं का? शुरुप्पाकच्या त्या कारागिराची आठवण मला इथं येते. नाव त्यानं बंद केली आणि तो बाहेर राहिला.

उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं की लोक गाड्या घेऊन येतात, पळसनाथाच्या शिखराचे, कुगावच्या जुन्या भिंतींचे फोटो काढतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला तेव्हा तर जत्राच लोटली. गाळपेर करणारे शेतकरी त्या गर्दीतून वाट काढत होते. भिंती वाचवता येतील न येतील, पाणी पुन्हा चढणारच आहे. पण घर मोडताना जे विशीत होते ते आज पासष्टीच्या पुढे आहेत, आणि जे तेव्हा कर्ते होते त्यांतले फार थोडे उरलेत. कागद सरकारच्या दप्तरात आहेत. पारावर बसून आप्पा काय म्हणाले, ते कुठल्याच दप्तरात नाही.

तुमची मुळं केत्तूर, पोमलवाडी, चिखलठाण, वांगी, कुगाव यांपैकी कुठे असतील, तर येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा वही घेऊन जा, किंवा मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करून आजीसमोर ठेवा. पाणी केव्हा आलं हे विचारा, पण त्याआधी विचारा: पाणी येणार हे तुला कुणी सांगितलं? तू काय म्हणालीस? तुमच्या आळीत कुणाला सर्वांत उशिरा कळलं? तिच्याच शब्दांत उतरवा, सुधारू नका. खाली तारीख घाला, सांगणारीचं पूर्ण नाव घाला, आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.